संकल्पात औषधाचंही नाव

एकादशीच्या सकाळी शुगरची गोळी घ्यायची की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दर पंधरवड्याला उभा राहतो आणि बहुतेक वेळा कुणालाही न विचारता निकालात निघतो. काही जण रोजच्या सवयीने गोळी घेतात आणि दुपारपर्यंत चहावर राहतात. अकरा-साडेअकराला हातपाय कापायला लागतात, घाम सुटतो आणि घरातले म्हणतात, उपासाने अशक्तपणा आला असेल. दुसरे काही जण ‘आज जेवणच नाही, मग गोळी कशाला’ म्हणून ती टाळतात. मग सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी राजगिऱ्याचा लाडू आणि रात्री वरी-तांदूळ, बटाट्याची भाजी असा दिवस काढतात. पहिल्यांची साखर उतरते, दुसऱ्यांची चढते. श्रद्धा दोघांचीही खरी असते, पण शरीरात काय चाललं आहे हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. डॉक्टरांना विचारलं तर उत्तर येतं, ‘उपासबिपास काही करायचे नाहीत.’ गुरुजींना विचारलं तर ते म्हणतात, ‘डॉक्टर सांगतील तसं करा.’ एकाने प्रश्न धर्माचा म्हणून सोडला, दुसऱ्याने वैद्यकाचा म्हणून. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न असा वाटून घेता येत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला आपल्या आजाराचं, औषधाचं आणि अन्नाचं ज्ञान असणं हा त्याच्या व्रताचाच भाग आहे. ते ज्ञान नसेल तर व्रताचा निर्णय त्याने घेतलेलाच नसतो, तो नुसता घडून गेलेला असतो.

कुठल्याही व्रताच्या आरंभी होणारा संकल्प नीट आठवून पाहावा. हातावर पाणी घेऊन आधी स्थळ, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार सांगितले जातात. मग गोत्र, मग कर्त्याचं नाव, आणि एवढं झाल्यावर ‘हे मी करीन’ असं म्हटलं जातं. म्हणजे कर्ता कोण, कुठे, कोणत्या काळात उभा आहे हे स्पष्ट झाल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही. परंपरेने ज्या कर्त्याकडे इतक्या बारकाईने पाहिलं, त्याच्या शरीराची अवस्था मात्र बाहेर ठेवायला सांगितलं असेल, हे पटत नाही. शास्त्रानेही ती बाहेर ठेवलेली नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडाचा पहिला भाग मुख्यतः व्रतांना वाहिलेला आहे. तो चाळला तर दिसतं, की व्रताचा अधिकार, सामर्थ्य, सवलती आणि पर्याय यांवर प्राचीन निबंधकारांनी किती शाई खर्च केली आहे. पूर्ण उपवास झेपत नसेल त्याने एकभुक्त राहावं, नक्त म्हणजे फक्त रात्रीचं जेवण करावं, फळं किंवा दूध घ्यावं, अशा पायऱ्या आहेत. आजाऱ्याच्या वतीने मुलाने, पतीने, पत्नीने किंवा भावाने व्रत करावं अशी प्रतिनिधीची सोय आहे. आणि व्रत मोडत नाही अशा ज्या आठ गोष्टी वारंवार सांगितल्या जातात, त्यांत पाणी, कंदमुळं, फळं, दूध यांच्याबरोबर औषधही आहे. इस्लाममध्ये हीच गोष्ट थेट कुराणातच आलेली आहे. आजारी असलेल्याने आणि प्रवासात असलेल्याने रोजे पुढे दुसऱ्या दिवसांत भरून काढावेत, ज्याला ते जमणारच नाही त्याने गरिबाला जेवू घालावं. दोन्हीकडे आजारी माणूस व्रतातून हाकलला गेलेला नाही. त्याच्यासाठी वेगळा मार्ग आखलेला आहे. आता आपण त्यातले कोण, हे ओळखायचं कसं, एवढंच उरतं, आणि मधुमेहाच्या बाबतीत ते नुसतं आतून जाणवण्यावर सोडता येत नाही.

कारण उपास झेपेल की नाही हे इथे पुष्कळदा गोळीच्या नावावर ठरतं. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर उपाशी राहिल्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरणं सहसा होत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न आलं आहे की नाही याची वाट पाहत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्यांच्यासोबत पाणीही जातं, म्हणून निर्जळी उपासाला त्या जास्त जोखमीच्या ठरतात. टाइप 1 मधुमेह असलेल्याने ‘आज खाणं नाही’ म्हणून दिवसभराचं मूळ इन्सुलिनच बंद केलं, तर रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येऊ शकतो. एका आळीतल्या, एकाच वयाच्या, एकाच देवाला मानणाऱ्या चार बायकांच्या एकाच प्रश्नाला म्हणूनच चार वेगळी उत्तरं असतात. आणि हे वेगळेपण जिथे लिहिलेलं असतं ती जागा म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू. समोर कंपनीने ठेवलेलं नाव ठळक असतं, मागे बारीक इंग्रजी अक्षरांत आतली औषधं. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-दोन औषधं असणं नेहमीचं आहे. जिला घरात ‘ती पांढरी गोळी’ म्हणतात तिच्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही असू शकतात. ती बारीक अक्षरं ज्याला वाचता येत नाहीत आणि ज्याला कुणी मराठीत समजावून दिलेली नाहीत, त्याला श्रद्धा आहे, संकल्प आहे, पण आपण कुठे उभे आहोत हेच माहीत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात आहे, 26.4 टक्के. प्रश्न मूठभर लोकांचा नाही.

यावर वैद्यकाच्या बाजूने सरळ उत्तर येतं. इतकी गुंतागुंत असेल तर सगळ्यांना उपास बंद करायला सांगा. संदेश सोपा, चुकायला जागा नाही. त्यामागची काळजी मला खरी वाटते. पण मनाई केली म्हणून उपास थांबत नाहीत, याचा पुरावा भरपूर आहे आणि तो रमजानवरच्या संशोधनात सर्वांत स्पष्ट दिसतो. 2001 साली 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. टाइप 1 असलेल्यांपैकी 43 टक्के आणि टाइप 2 असलेल्यांपैकी 79 टक्के लोकांनी किमान पंधरा दिवस रोजे धरले होते. त्या महिन्यात साखर उतरून गंभीर अवस्था होण्याचं प्रमाण टाइप 1 मध्ये दर शंभर माणसांमागे महिन्याला 3 वरून 14 वर गेलं, टाइप 2 मध्ये 0.4 वरून 3 वर. या सर्वांना धर्माने सूट दिलेली होती, कित्येकांना डॉक्टरांनी नको म्हटलं असेल, तरी त्यांनी रोजे धरले. मनाईने एवढंच साधतं की पुढच्या वेळी रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही. आता दुसरा पुरावा पाहा. लंडनमध्ये 111 जणांवर झालेला आणि 2010 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. रमजानपूर्वी ज्यांना आहार, औषधाच्या वेळा, साखर मोजणं आणि रोजा कधी सोडायचा हे शिकवलं गेलं, त्यांच्यात साखर उतरण्याचे प्रसंग 9 वरून 5 वर आले. ज्यांना शिकवलं गेलं नाही त्यांच्यात 9 वरून 36 वर गेले. अभ्यास लहान होता, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, शिकायला आले ते मुळातच जास्त सावध असतील, हे सगळं मान्य. तरीही 5 आणि 36 यांतलं अंतर दुर्लक्ष करण्याजोगं नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने पुढे रमजानसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली, त्यांत रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाशी बोलावं, जोखीम मोजावी, आणि साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही हेही त्यात नि:संदिग्धपणे सांगावं लागलं, कारण त्या भीतीने लोक तपासणीच टाळत होते. एकादशी, चतुर्थी, हरतालिका, नवरात्र यांसाठी असं एकत्र बसून केलेलं काम आपल्याकडे घराघरांत पोहोचलेलं नाही, याची मला खंत वाटते.

श्रद्धावानाचा आक्षेप याहून खोल आहे. भक्तीत हिशेब कसला, असं तो विचारतो. ज्याच्यासाठी उपास धरला तो सांभाळून घेईल. यंत्रावरचा आकडा पाहत बसणारा माणूस देवावर विसंबलेला नाही, स्वतःवर विसंबलेला आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण आपल्यापलीकडच्या कुणावर तरी सोपवून देणं हे भक्तीचं मर्मच आहे. पण साखर उतरते तेव्हा काय होतं ते पाहिलं पाहिजे. मेंदू जवळजवळ सर्वस्वी रक्तातल्या साखरेवर चालतो. ती 70 च्या खाली घसरू लागली की आधी घाम, धडधड, कापरं आणि भूक येते. आणखी उतरली की चिडचिड होते, शब्द सापडेनासे होतात, साधी बेरीज जमत नाही, समोरच्याने काही खायला दिलं तर माणूस हात झटकतो. म्हणजे ज्या बुद्धीने नामस्मरण करायचं, ज्या मनाने संकल्प धरून ठेवायचा, तेच आधी निसटतं. उपासात देह झिजवून मन देवाकडे लावायचं असतं, इथे मनच जागेवर राहत नाही. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काहींना तर घाम-कापऱ्याची सूचनाही मिळत नाही, ते एकदम गोंधळतात किंवा कोसळतात. अशा वेळी ‘देव सांभाळेल’ म्हणणारा माणूस देवावर विसंबलेला उरत नाही, कारण विसंबणारा तिथे जागाच नसतो. आकडा पाहणं ही त्या जागेपणाची राखण आहे. आणि ज्या परंपरेने औषधाला व्रत न मोडणाऱ्या गोष्टींत बसवलं, ज्या कुराणाने आजाऱ्यावर सक्ती नको म्हटलं, त्यांना हिशेबाचं वावडं होतं असं कसं म्हणावं?

मात्र सूट आहे एवढं सांगून भागत नाही, आणि इथे आरोग्यशिक्षण देणारे बहुधा थांबतात. ज्यांना सूट होती त्यांनीही रोजे का धरले, याचं उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात मिळणार नाही. पहाटे सगळं घर उठून सहरी करतं तेव्हा एकट्याने झोपून राहणं, वारीला न गेलेल्या म्हाताऱ्या बाईने आषाढीलाही वरणभात खाणं, हरतालिकेच्या रात्री बाकीच्या जागत असताना एकीने जेवून घेणं, यात काहीतरी तुटतं. ते तुटणं खोटं नाही. बायकांच्या बाबतीत त्याला आणखी एक धार असते. पतीच्या आयुष्यासाठी धरलेला उपास सोडला तर पुढे काही बरंवाईट झाल्यावर बोट तिच्याकडे जाईल, ही भीती. त्या भीतीवर साखरेचा तक्ता उत्तर देऊ शकत नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने ‘यंदा तुझ्या वाटचा मी धरतो’ म्हटलं तर ते देऊ शकतं, आणि प्रतिनिधीची तरतूद याच्यासाठीच आहे. ती पुरुषांनी वापरली पाहिजे. शिवाय उपासाचं ताटही जितकं सनातन वाटतं तितकं नाही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं आहे. युरोपीय जहाजांनी ते इकडे आणण्यापूर्वीही आपल्याकडे एकादश्या होत्याच. समाजाने ही नवी पिकं उपासाला चालतात असं ठरवलं आणि ती चालू लागली. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ते 90 ग्रॅम पिष्टच असतं, प्रथिनं आणि तंतू नावापुरते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण खाणाऱ्याला टोचते, पण मधुमेह्याच्या घरी ती ताटाला लागू आहे. ज्या समाजाला साबुदाणा घेता आला त्याला तो कमी करून दही, ताक, थोडे दाणे, काकडी, शिंगाडा, एखादं फळ असं ताट मांडणंही जमेल, आणि त्यासाठी धर्माचा एकही नियम मोडावा लागत नाही.

उपास मधुमेहाला चांगलाच असतो, विज्ञानही आता तेच म्हणतं, असा एक आक्षेप हल्ली सगळीकडे ऐकू येतो. त्यात अर्धसत्य आहे. ब्रिटनमध्ये 2017 साली जाहीर झालेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत दिवसाला सुमारे 825 ते 850 कॅलरी इतकाच आहार काही महिने देऊन वजन उतरवलं गेलं. वर्षाअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, तुलनेच्या गटात 4 टक्के लोकांचा. आकडे भारावून टाकणारे आहेत. पण त्या चाचणीत घेतलेले लोक सहा वर्षांच्या आत निदान झालेले होते, इन्सुलिनवर असलेले वगळलेले होते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आहार कमी केला त्याच दिवशी साखरेच्या गोळ्या थांबवल्या गेल्या होत्या. म्हणजे अन्न आणि औषध एकत्र बघूनच निर्णय झाला. चरकसंहितेतही प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या आजाराचे, रोगी दोन प्रकारचे मानले आहेत, एक स्थूल आणि बलवान, दुसरे कृश आणि दुर्बल. पहिल्यांचं शोधन करावं, दुसऱ्यांचं पोषण. उपास चांगला की वाईट असं सरसकट विचारणं चरकालाही मान्य झालं नसतं.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र शिक्षणावर विश्वास असणाऱ्यांकडूनच येतो. कळतं पण वळत नाही, मग शिकवून उपयोग काय? सुशिक्षित मधुमेही काय कमी पथ्य मोडतात? 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणाने याची उकल केली आहे. मधुमेहींना स्वतःची काळजी घ्यायला शिकवल्यावर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा एचबीए1सी लगेच सरासरी 0.76 अंशांनी उतरला. पण शिकवणं थांबून काही महिने गेल्यावर हा फायदा 0.26 वर आला. ज्ञान निरुपयोगी असतं तर आधी काहीच उतरलं नसतं, आणि एकदा सांगून पुरत असतं तर फायदा ओसरला नसता. लागतो तो सततचा सहवास आणि तेच तेच पुन्हा सांगणं. हे मर्म दवाखान्यांना उशिरा उमगलं, पण कीर्तनकारांना ते पूर्वीपासून ठाऊक आहे. सप्ताह, पारायण, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी ही सगळी रचनाच पुनरावृत्तीची आहे, कारण एकदा कळलेलं टिकत नाही हे तिथे गृहीत धरलेलं आहे. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत आणि मग पुढे जात. लोकांनी समजून घेतलं की नाही हे तपासण्याची याहून चांगली रीत आजही वैद्यक शिकवणाऱ्यांपाशी नाही. रुग्णाला सांगून झालं की ‘आता तुम्ही घरी काय करणार ते मला सांगा’ असं विचारायचं, असं त्यांची पुस्तकंही सांगतात. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे मान डोलवण्यापलीकडे उत्तर मिळत नाही. गावोगावच्या कीर्तनांत आषाढीपूर्वी एक आठवडा गोळी, जेवण आणि तपासणी यांबद्दल दहा मिनिटं बोललं गेलं, तर तो धर्मात वैद्यकाचा शिरकाव ठरणार नाही. व्रताची तयारी करून घेणं हे कीर्तनाचं कामच आहे.

एवढं सगळं समजावून दिल्यावरही इन्सुलिनवर असलेला, पूर्वी एकदा कोसळलेला एखादा माणूस म्हणेल, मला सगळं कळलं, तरीही मी धरणार. त्याला अडवण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे असं मला वाटत नाही, आणि त्याने स्वतःला उगाच धोक्यात घालू नये असं त्याचा धर्मच सांगतो हे त्याला स्पष्ट सांगायला मी कचरणारही नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. पण त्याने ठरवलंच, तर त्याच्याकडून एक गोष्ट मागता येते. उपास कधी सोडायचा हे संकल्प करतानाच ठरवून टाकावं. आकडा 70 च्या खाली गेला की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. भान गेलं तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यायचं. असं आधीच ठरलेलं असेल तर उपास सोडणं हे व्रत हरणं ठरत नाही, ते व्रतातच लिहिलेलं असतं. मग ते घरातल्या आणखी एकाला तरी माहीत हवं, कारण साखर उतरलेला माणूस स्वतःचा नियम पाळू शकत नाही. आणि हे बोलणं उपासाच्या सकाळी करून चालणार नाही. ज्येष्ठ महिन्यात गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला ‘आषाढी धरता का, आणि कशी धरता?’ एवढं विचारलं गेलं पाहिजे, आणि त्याचं उत्तर साखरेच्या आकड्याशेजारीच केसपेपरवर लिहिलं गेलं पाहिजे.